गोव्याचे मोतेत आणि बिनवाद्यांचा आग्रह

गोव्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये लॅटिन आणि कोकणी मोतेत, म्हणजे अनेक आवाजांची धार्मिक गाणी, गातात. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट असते. शिवाय बऱ्याच रचना नंतरच्या काळातल्या. मग १६व्या शतकातल्या स्पॅनिश-पोर्तुगीज कंठसंगीताशी त्यांचं नातं कसलं, असा आक्षेप येतो. पण स्पेनमधल्या सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्येही तेव्हा फुंकवाद्यं वाजवणारे पगारी वादक होते. म्हणजे वाद्यं नकोतच, हा आग्रह बराचसा नंतरचा. खरं नातं आवाजांच्या रचनेत आहे, आणि गोव्यात ती १५४५पासून चर्चच्या शाळांनी रुजवली.

आपल्या नर्सीच्या नामदेवांचे अभंग ऐकत वाढलेल्या हिंगोलीकर कानाला वाटेल, की अशा रचनेत चार आवाजांच्या एकाच वेळी चार चाली म्हणजे गोंधळ. तसं नाही. स्पॅनिश संगीतकार तोमास लुईस दे व्हिक्टोरियाची ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’ (१५७२) ऐका. वरचा आवाज एकटाच सुरू होतो, थोड्या अंतराने त्याखालचा आवाज तीच ओळ उचलतो, मग उरलेले दोघे येतात. धृपद उचलणाऱ्या टाळकऱ्यांसारखंच. फक्त इथे पहिला थांबत नाही, पुढे जातो. पहिल्यांदा ऐकताना फक्त सर्वांत खालचा आवाज धरा, दुसऱ्यांदा वरचा.