शेवटच्या गाडीतला दिवस

पहाटे साडेचार. बीडमधल्या मैदानाबाहेर छोटा हत्ती उभा करून सामान मोजायला घेतलं. पाण्याचे जार, केळी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेच्या पुड्या, प्रथमोपचाराची पेटी, पायपंप, तेलाची डबी, ब्रेकच्या केबली, साखळ्या, ट्यूबा. सायकल राईडमध्ये सगळ्यांच्या मागून जाणारी गाडी आमची. कुणाची हवा गेली, कुणाच्या पोटऱ्या भरून आल्या, कुणाचं मनच उतरलं, की तो मागे मागे पडत शेवटी आमच्याकडे पोचतो. स्टिअरिंगवर मामा होते, एसटीतून निवृत्त झालेले. मांजरसुंब्याच्या घाटात कुठल्या वळणाला कोणता गिअर टाकायचा हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

राईड वर्गणीची होती. बीडहून मांजरसुंबा, चौसाळा करत पारगावपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. प्रत्येक स्वाराने आपल्या ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घ्यायचे, जेवढं अंतर होईल तेवढे वसूल करायचे. पैसे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाला. दरवर्षी दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि पोरांची शाळा मध्येच सुटते. ती सुटू नये म्हणून मुलांना गावाकडेच ठेवून घ्यायचं, एवढाच त्यामागचा हिशोब. हिशोब सरळ आहे, पण ताट, पांघरूण आणि मुक्कामी राहणारी बाई, सगळ्याला पैसा लागतो.

पाचच्या सुमारास तो आला. खांद्यावर चाक. एकच.

मी यादीकडे बघितलं. आमच्या गाडीतलं निम्मं सामान याच्या उपयोगाचं नव्हतं. साखळी नाही, गिअर नाही, हँडल नाही. 36 इंचाचं चाक, त्याच्यावर सीट, सीटच्या पुढे धरायला एक कडी आणि ब्रेकचा छोटा खटका. पेडल थेट चाकाच्या आसालाच बसवलेलं. चाकाचा घेर साधारण 2.87 मीटर, पेडलचा एक फेरा मारला की बरोबर तेवढंच अंतर कापलं जाणार, कमी नाही, जास्त नाही. मिनिटाला 80 फेरे सातत्याने मारले तर ताशी पावणेचौदा किलोमीटर पडतात. साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे पाय थांबले तरी चाक पळत राहतं. इथे पाय थांबला की चाक थांबतं, आणि चाक थांबलं की माणूस जमिनीवर. शंभर किलोमीटरला पस्तीस हजारांच्या आसपास फेरे होतात. त्यातला एकही माफ नाही.

"स्टेपनी?" मामांनी विचारलं.

"एक ट्यूब आहे, मामा. दुसरी बीडात काय, पुण्यातसुद्धा मिळायची मुश्कील."

त्याच्या चुलत्याने त्याला किलोमीटरमागे आठ आणे कबूल केले होते. दोन चाकांना रुपया, मग एकाला अर्धाच.

पावणेसहाला सुटलो. नोव्हेंबरची थंडी, उजाडलेलं नाही, पुढच्यांचे लाल दिवे दहा मिनिटांत दिसेनासे झाले. आमच्यापुढे एकच लाल दिवा, आणि तो झुलत होता. एकचाकी सरळ रेषेत चालत नाही. पुढे झुकलं की चाक पुढे घ्यायचं, मागे कललं की रोखायचं, डावीकडे तोल गेला की चाकही डावीकडे वळवून तोलाखाली आणायचं. हे सगळं प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं चाललेलं असतं. डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई जशी पायाखाली बघत नाही, तसा तो चाकाकडे बघत नव्हता. नजर पंचवीस-तीस फुटांवर.

साडेसहाच्या पुढे पाली. इथे बिंदुसरा धरणाच्या बाजूने गार वारा येतो. मग घाट. माझी समजूत होती की याचा खरा कस चढाला लागेल. लागला, पण मला वाटला तसा नाही. गिअर नसल्यामुळे हलका गिअर टाकून चिवटपणे चढत राहण्याची सोय त्याला नव्हती. सीटवरून उठून, कडी वर ओढून, शरीराचं सगळं वजन एकेका पेडलवर द्यायचं. त्याने मुद्दाम लांब क्रँक लावले होते, 150 मिलिमीटरचे. तरफ लांब म्हणजे जोर कमी लागतो. सपाटीवर मात्र पायांना मोठे वेटोळे घालावे लागतात आणि वेग पडतो. घाटासाठी त्याने सपाटीवरचा वेळ आधीच देऊन टाकला होता.

खरा त्रास ट्रकांचा. हा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग, 52 क्रमांकाचा. भरलेला ट्रक शेजारून गेला की हवा आधी ढकलते आणि ट्रक पुढे सरकताच ओढून घेते. दोन चाकांवर तेवढं निभतं. एका चाकावर दोन्ही धक्क्यांना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. मामांनी गाडी त्याच्या मागे जरा उजवीकडे धरली, इंडिकेटर लावले आणि मागच्यांच्या शिव्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. एका प्रेशर हॉर्नने मात्र काम केलंच. तो खाली उतरला. पडला नाही, उतरला, पायांवर. चाक पुढे ठेवून, सीट मांडीत धरून, एक पाय पेडलवर ठेवून परत वर. चढावर नुसतं बसणंसुद्धा सोपं नसतं. दोन वेळा हुकलं, तिसऱ्यांदा जमलं.

पावणेआठला मांजरसुंब्याचा चौक. बीड, पाटोदा, केज आणि धाराशिव, चारी दिशांचे रस्ते इथे मिळतात, त्यामुळे सकाळी हॉटेलांच्या कढया पेटलेल्या आणि एसट्या धडाधड थांबणाऱ्या. कपिलधारची कार्तिकी यात्रा नुकतीच सरलेली. मन्मथस्वामींच्या दर्शनाला येणारी गर्दी ओसरली असली तरी फलक तसेच होते. पोरगा चौकात उतरला आणि दोन मिनिटांत त्याच्याभोवती रिंगण झालं.

"सर्कशीतला हाय का ह्यो?" एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं.

बाबांचं चुकलं नव्हतं. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 च्या सुमारास पहिली देशी सर्कस उभी केली तेव्हापासून मराठी माणसाने एक चाक बघितलं असेल तर ते बहुतेक तंबूतच, बँडच्या तालावर. तंबूबाहेर, राष्ट्रीय महामार्गावर, त्याला कारण सांगावं लागतं. मी कारण सांगितलं. बाबांनी धोतराच्या सोग्यातून दहाची नोट काढली, पण पेटीत टाकण्याआधी म्हणाले, "बाप्पा, पैसे पायजेत तर मागा की सरळ. पोराचे हाल कशाला?"

रास्त प्रश्न आहे. वर्गणीसाठी अंगमेहनत करून दाखवायची ही तऱ्हा मलाही कधीकधी खटकते. शंभर किलोमीटर सायकल हाणल्याने वसतिगृहात एक पोळीसुद्धा भाजली जात नाही. पण त्याच चौकात तासभर आधी आमचे बाकीचे स्वार थांबले होते, चकचकीत सायकली, रंगीत जर्सी, आणि त्यांची पेटी जवळपास रिकामीच पुढे गेली होती. लोकांनी त्यांना बघितलं, बाजूला सरून वाट दिली. याच्याजवळ मात्र लोक थांबले, सीटला हात लावला, टायर दाबून बघितला, हसले, आणि मग कशासाठी म्हणून विचारलं. तमाशा म्हणा हवं तर. थांबलेला माणूसच खिशात हात घालतो.

आणि बाबा आमट्यांनी तरी काय केलं होतं? डिसेंबर 1985 मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी घेऊन ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, सायकलींवर. मागणी पैशांची नव्हती, देश जोडण्याची होती. पण रेल्वेने जाऊन भाषणं करता आली असती, तरी सायकलीच निवडल्या, कारण सायकल प्रत्येक गावात थांबते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतःला बसताही येत नव्हतं. ते सोबतच्या गाडीत आडवे पडून आले. त्या यात्रेचा धनी सायकलवर नव्हता, गाडीत होता. मला हे फार आवडतं, आणि ते का आवडतं हे मामांनी लगेच ओळखलं.

पोहे, चहा, दोन केळी. सव्वाआठला परत रस्त्यावर.

साडेनऊ, चौसाळा. पठारावर ऊन चढलं, तूर फुलावर, कापूस वेचणाऱ्या बायकांनी उभं राहून हात केले. इथून पुढे ट्रॅक्टर भेटायला लागले. एकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत चुलीची लाकडं, पत्रे, भांड्यांची गाठोडी, दाव्याला शेळी, वर बसलेल्या बाया आणि लेकरं. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला निघालेली जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोबही तसाच होतो, कोयत्यावर. उशिरा निघालेल्या टोळ्या होत्या या. बऱ्याचजणांचे फड आधीच सुरू झाले होते. एका ट्रॉलीतली पाच-सहा पोरं एकचाकी बघून ओरडायला लागली आणि ट्रॅक्टर पुढे निघून जाईपर्यंत ओरडत राहिली. आपण ज्यांच्यासाठी वर्गणी गोळा करतोय ती ही पोरं, आणि ती उलट दिशेने चालली नव्हती. आमच्याच रस्त्याने, आमच्यापेक्षा वेगात चालली होती. ऑक्टोबरमध्ये कोणी त्यांच्या आईला वसतिगृहाबद्दल नीट सांगितलं असतं तर कदाचित यातली दोन-तीन शाळेत असती. बऱ्याच आया पोरांना, विशेषतः मोठ्या पोरींना, मागे ठेवायला धजत नाहीत. आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली लागतेच. पैसा हा त्यातला एक तुकडा आहे.

अकरा. पारगाव. मांजरेचं पाणी ओलांडून आलो की जिल्हा बदलतो. इथून वळायचं. बाकीचे जेवून परतीला लागलेले. त्याने भाकरी-पिठलं उभ्यानेच खाल्लं. सीटवर शरीराचं बहुतेक सगळं वजन. हातांवर फारसं टाकता येत नाही, त्यामुळे बूड बधिर होतं आणि मांड्या सोलवटतात. त्याने पाय ताणले, व्हॅसलीन लावलं, झाडाखाली दहा मिनिटं आडवा झाला आणि एड प्रॅटबद्दल बोलला. हा इंग्लंडच्या सॉमरसेटमधला पोरगा मार्च 2015 मध्ये, विशीसुद्धा न गाठलेला, असल्याच 36 इंची चाकावर सामान बांधून जगप्रदक्षिणेला निघाला. जुलै 2018 मध्ये घरी परतला, 33,000 किलोमीटरहून अधिक अंतर कापून. त्याने जमवलेले लाखो पौंड एका संस्थेला गेले, जी गरीब मुलांना वह्या-पेन्सिली भरलेलं दप्तर देते.

"त्याच्या मागं गाडी होती का?" मामा.

"नव्हती, मामा. एकटाच."

मामा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी पाण्याची बाटली दर पाच किलोमीटरला न मागता पुढे केली.

परतीचे दोन-अडीच तास सांगण्यासारखे नाहीत. ऊन, समोरचा वारा, चाक.

तीनला पुन्हा मांजरसुंबा. इथे रबडी न खाता पुढे गेलेला माणूस मामांना आवडत नाही. तिघांनी खाल्ली. पोराने पावशेर एकट्याने संपवली, आणि मला वाटलं, आता संपलंच, पुढे नुसता उतार आहे.

तसं मी बोलून दाखवलं तेव्हा तो हसला. उतारच अवघड, सर.

पावणेचारला घाट उतरायला लागलो तेव्हा कळलं. सकाळी आमचे बाकीचे स्वार चढाला जेवढं दमले, तेवढं त्यांनी दुपारी याच उतारावर वसूल करून घेतलं असणार. पाय स्थिर, अंग वाकवलेलं, चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने. याला तशी वसुली नाही. चाक उताराला धावू बघतं आणि पेडल पायांना सोबत ओढतं. वेग दुप्पट करायचा तर पायही दुप्पट फिरवायला हवेत, आणि त्याला हद्द आहे. म्हणून तो प्रत्येक फेऱ्यात उलटा जोर लावत, चाकाला मागे रोखत उतरत होता. गुडघे तेच ब्रेक. खटका बोटाने हलकासा दाबायचा. जरा जास्त दाबला गेला तर चाक थांबणार आणि माणूस पुढे जाणार. चढाला तो ताशी आठ-नऊने गेला असेल. उताराला दहा-अकराने. खालून आलेल्या एसटीच्या खिडकीतून कोणी ओरडलं, "सोड की आता, उतार हाय!"

घाटाच्या शेवटच्या वळणावर तो उतरला, गुडघे चोळले आणि पन्नास-साठ पावलं चाक हातात धरून चालला. नियमाप्रमाणे चाललेलं अंतरही धरतात. त्याने मला सांगितलं, तेवढं वजा करा. मी वजा केलं नाही. यादी माझ्या हातात होती.

सव्वापाच, बीड. सत्काराचे हार संपले होते, मंडपवाला खुर्च्या रचत होता. चुलते तेवढे थांबलेले. त्यांनी वहीत बघून शंभर किलोमीटरचे पन्नास रुपये मोजले, मग पाकीट परत उघडून पाचशेची नोट त्यावर ठेवली आणि पावती मात्र पूर्ण रकमेची मागून घेतली. कबूल केलेल्या बाकीच्या पैशांसाठी उद्या सकाळपासून मला फोन लावायचे आहेत. किलोमीटर एका दिवसात होतात, वसुलीला महिना लागतो, आणि त्यात निम्मे जण "जीपेचा नंबर पाठवा" म्हणून गप्प होतात.

जार उतरवून झाले तेव्हा मामा चाकाजवळ उभे होते. भिंतीला हात लावून, पोराच्या खांद्यावर दुसरा हात ठेवून ते सीटवर बसले. अर्धा फेरा झाला असेल नसेल, दोघंही भिंतीवर आले.

"आपली एसटी बरी," मामा विजार झटकत म्हणाले. "तिला रिव्हर्स तरी आहे."

"यालाही आहे, मामा," तो म्हणाला आणि वर चढून मंडपापासून गाडीपर्यंत उलटा आला.

"मग सकाळी का नाही सांगितलंस?" मामा म्हणाले. "घाटात मी आरसा लावून दिला असता."