समभागांचे मूल्यमापन

समभागांचे मूल्यमापन : कंपनीच्या समभागाचा (शेअरचा) बाजारभाव तिची प्राप्ती, मालमत्ता व कर्जे ह्यांच्या मानाने वाजवी आहे किंवा नाही, हे अजमावण्याची पद्धती. तीत नफातोटा पत्रक, ताळेबंद व रोकड-प्रवाह पत्रक ह्यांतील आकड्यांवरून काही गुणोत्तरे काढतात. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यानंतर बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड ह्यांनी सिक्युरिटी ॲनॅलिसिस (१९३४) ह्या ग्रंथाद्वारे ह्या विषयाला शिस्तबद्ध रूप दिले. गुंतवणुकीचा आधार भावाचा चढउतार नसून कंपनीचे अंगभूत मूल्य हा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नुसत्या बाजारभावावरून समभाग स्वस्त की महाग हे ठरत नाही. कारण भांडवल किती समभागांत विभागले आहे, ह्यावरही तो अवलंबून असतो. उदा., एका कंपनीचे भागभांडवल प्रत्येकी १० रु. दर्शनी किंमतीच्या १ कोटी समभागांचे, म्हणजे १० कोटी रु., राखीव निधी ५० कोटी रु., कर्ज ३० कोटी रु., करोत्तर वार्षिक नफा १२ कोटी रु. आणि समभागाचा बाजारभाव १८० रु. आहे, असे मानू.

किंमत-प्राप्ती गुणोत्तर : नफ्याला समभागांच्या संख्येने भागल्यास ‘प्रतिभाग प्राप्ती’ मिळते, ती येथे १२ रु. आहे. बाजारभावाला तिने भागले असता किंमत-प्राप्ती गुणोत्तर १५ येते. म्हणजेच १ रु. वार्षिक नफ्यासाठी गुंतवणूकदार १५ रु. मोजतो. नफा वेगाने वाढण्याची अपेक्षा असल्यास हे गुणोत्तर चढे असते. ते कमी असणे म्हणजे समभाग स्वस्त असणे, असे मात्र नव्हे. पोलाद, साखर ह्यांसारख्या तेजीमंदीच्या उद्योगांत नफा शिखरावर असताना ते बहुधा सर्वांत कमी दिसते व पुढे नफाच घटतो. तोट्यातील कंपनीच्या बाबतीत ते निरर्थक ठरते.

पुस्तकी मूल्य व प्राप्तिदर : भागभांडवल व राखीव निधी मिळून भागधारकांचा निधी ६० कोटी रु. होतो, म्हणून प्रत्येक समभागाचे पुस्तकी मूल्य ६० रु. असून बाजारभाव त्याच्या तिप्पट आहे. ह्या निधीवरील प्राप्तिदर २०% आहे. कर्ज काढून कंपनीने स्वतःचेच समभाग परत विकत घेतल्यास निधी घटतो व व्यवसायात कोणतीही सुधारणा न होता हा दर वाढलेला दिसू शकतो. म्हणून त्यासोबत कर्ज व भागधारकांचा निधी ह्यांचे गुणोत्तर (येथे ०·५) पाहणे आवश्यक ठरते. बँकांचा व्यवसायच ठेवींवर चालत असल्याने त्यांना ही कसोटी लागू पडत नाही.

लाभांश-उत्पन्न : भारतात पूर्वी लाभांश दर्शनी किंमतीच्या टक्केवारीत जाहीर करण्याची प्रथा होती. वरील कंपनीने ४५% लाभांश जाहीर केल्यास समभागामागे ४·५० रु. मिळतात. परंतु १८० रु. देऊन समभाग घेणाऱ्याचे उत्पन्न केवळ २·५% असते.

मर्यादा : गुणोत्तर हे हिशेबांइतकेच विश्वसनीय असते. सत्यम कंप्यूटर सर्व्हिसेस ह्या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळास पाठविलेल्या पत्रात, हिशेबात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रु. रोकड व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी रु. अस्तित्वातच नसल्याचे मान्य केले. त्याच पत्रानुसार एका तिमाहीत २४% दाखविलेले व्यवसायातील नफ्याचे प्रमाण प्रत्यक्षात ३% होते. अशा आकड्यांवरून काढलेली गुणोत्तरे गणिताच्या दृष्टीने अचूक असूनही फसवी ठरतात.

ह्यास्तव गुणोत्तरे एकेकटी न पाहता अनेक वर्षांची, त्याच उद्योगातील इतर कंपन्यांशी ताडून पाहावी लागतात. हिशेबतपासनिसांचा अहवाल व हिशेबांवरील टिपा वाचाव्या लागतात. नफा वाढत असूनही व्यवसायातून येणारी रोकड वर्षानुवर्षे वाढत नसेल, तर त्याचे कारण शोधणे अगत्याचे असते. गुणोत्तरे भविष्यातील भाव वर्तवीत नाहीत. कोणते प्रश्न विचारावयास हवेत, हे ती दाखवितात.