माळावरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा

गाय 21 दिवसांनी माजावर येते, हे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाळीव सशाचं गणित वेगळं. मादीच्या अंडाशयात बीजं बहुतेक दिवस तयार असतात, पण ती आपोआप सुटत नाहीत. नराशी संयोग झाला की त्यानंतर 10 ते 12 तासांनी सुटतात. म्हणून ससा पटकन गाभण राहतो. पाळणारे मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडतात. नराला तिच्या पिंजऱ्यात नेलं, तर ती त्याच्यावर धावून जाते.

साधारण 31 दिवसांनी मादी विते. त्याआधी पोटावरची लव उपटून ती पेटीत गादी करते. त्याने आचळंही मोकळी होतात. एका वेताला बहुधा 6 ते 8 पिल्लं, अंगावर केस नसलेली, डोळे मिटलेली. डोळे उघडायला 10 दिवस लागतात. आई दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते. दूधच तेवढं सकस असतं.

व्यायल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. हिशेबाने वर्षाला दहा-अकरा वेतं होतील, पण तेवढी घेतली तर मादी खंगते. पाच-सहा पुरेत, असं माझं ठाम मत आहे. आणि बीडचा उन्हाळा विसरू नये. पारा चाळिशी ओलांडतो, आणि नराचं वीर्य तर तिशीनंतरच कमजोर व्हायला लागतं. ते सुधारायला पुढे दोनेक महिने जातात.

पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या माळावर पायाखालून उठून पळतो, तो ससा मात्र निराळा प्राणी. मानेवर काळा पट्टा, बिळात राहत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून बसतो. दीड महिन्याच्या आसपास गाभण राहून एक-दोनच पिल्लं देतो, पण ती जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची.

या पिल्लांपासून आई दिवसभर मुद्दाम लांब राहते, नाहीतर तिच्या वासावर कोल्हा, कुत्रा तिथे पोचेल. अंधार पडला की येऊन पाजून जाते. खुरपताना असं एकटं पिल्लू सापडलं की लोक कळवळून घरी आणतात, गाईचं दूध पाजतात, आणि बहुतेकदा ते मरतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या सशाला संरक्षण आहे, त्याला पकडून पाळणं गुन्हा आहे. पिल्लू होतं तिथेच राहू द्यावं, खुरपणी दुसऱ्या टोकाने सुरू करावी आणि कुत्री बांधून ठेवावीत. दिवस मावळला की आई येते.