गप्पीची वाकलेली पाठ : दोष नात्याचा की खाद्याचा?

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. बाहेरून मासे आणले नाहीत, तर वर्षभरात अख्खी टाकी सोयऱ्याधायऱ्यांची होते. मग एखाद्या पिल्लाच्या पाठीला बाक दिसला की नात्यातल्या जोडीवर खापर फुटतं.

गैरसमज : भावंडांची जोडी लावली की पिल्लं वाकडीच निपजतात.
वस्तुस्थिती : नात्यातली जोडी दोष निर्माण करत नाही, दडलेला दोष उघड करते. नर-मादी दोघंही एकाच अप्रभावी दोषाचे वाहक असतील, तर सरासरी चारातलं एक पिल्लू सदोष निघतं. पहिली पिढी बहुधा धडधाकट असते. पिढ्यानपिढ्या तेच चाललं, की पिल्लं कमी होतात, मरतुकडी निघतात.

गैरसमज : पाठ वाकली म्हणजे आनुवंशिक दोषच.
वस्तुस्थिती : क जीवनसत्त्व कमी पडलं तरी कणा वाकतो. डबा उघडून महिनोन्‌महिने ठेवला, की खाद्यातलं हे जीवनसत्त्व घटत जातं. मोठा मासा अचानक वाकला, खंगला, अंगावर जखमा दिसल्या, तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. त्याचे जिवाणू माणसाच्या त्वचेलाही बाधतात. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये.

गैरसमज : जन्मतः सरळ असलेलं पिल्लू निर्दोष.
वस्तुस्थिती : गप्पीतला आनुवंशिक बाक पिल्लू वाढताना उमटू शकतो. जोडीसाठी निवड मासा पुरता वाढल्यावरच करावी.

गैरसमज : दुकानातून नवी मादी आणली की लगेच नवं रक्त मिळतं.
वस्तुस्थिती : मादी नराचं वीर्य कित्येक महिने साठवते. दुकानातल्या नरांसोबत राहिलेली मादी तुमच्या टाकीत त्यांचीच पिल्लं देऊ शकते. पिल्लांच्या गुदपराचं टोक निमुळतं होऊ लागलं की ते नर. माद्यांमध्ये नको त्या नराचं वीर्य साठू नये म्हणून महिन्याच्या आत त्यांना माद्यांपासून वेगळं काढावं. नवे मासे दुसऱ्या दुकानातून आणावेत. एकाच खेपेतले मासे भावंडंच असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज : बाजारात विकतात म्हणजे ते व्यंग नव्हे.
वस्तुस्थिती : बलून मॉली या माशाचं गोल पोट ही आखूड कण्याची करामत आहे. हा दोष मुद्दाम निवडून टिकवलेला आहे.

वाकडा मासा नीट खात-पोहत असेल, तर त्याला वेगळ्या टाकीत जगू द्यावं. जोडी मात्र लावू नये. आणि नकोसे मासे ओढ्यात सोडू नयेत, तिथल्या स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.