परवाने किती, वापरणारे किती

संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळणे म्हणजे दोन आकडे सतत जुळवत राहणे: करारात मान्य झालेला वापर आणि प्रत्यक्षात होणारा वापर. सॉफ्टवेअर निर्मात्या कंपनीच्या क्लाउडवर असेल तर ही मोजणी कंपनीच करते. बँका, कारखाने, संरक्षण प्रकल्प, अभियांत्रिकी महाविद्यालये मात्र कितीतरी सॉफ्टवेअर आपल्याच इमारतीत ठेवतात. काही ठिकाणी तर त्या यंत्रणेला इंटरनेटची जोडणीही नसते. तिथे आत काय चालले आहे ते कंपनीला दिसत नाही. मोजण्याची जबाबदारी ग्राहकावर येते, आणि पुष्कळदा ती कोणा एकाकडे नेमून दिलेली नसते.

सर्वांत साधा परवाना एका यंत्राशी बांधलेला असतो. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी, तर गोल्ड परवान्यावर एकाच लॅनमधले अनेक जण काम करू शकतात. संगणक बदलायचा झाला तर आधी परवाना ‘सरेंडर’ करून नव्या यंत्रावर पुन्हा सुरू करावा लागतो. काही महागड्या सॉफ्टवेअरसोबत डोंगल मिळतो; पूर्वी तो प्रिंटरच्या पोर्टला लावत, आता यूएसबीला.

पन्नास अभियंत्यांच्या कार्यालयात एखादे आरेखनाचे सॉफ्टवेअर एका वेळी वीसच जण उघडत असतील, तर पन्नास परवाने घेतल्यास तीस परवान्यांचा खर्च वाया जातो. त्यावरचा उपाय म्हणजे ‘फ्लोटिंग’ परवाना. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा तो मागणाऱ्याला मिळतो आणि काम संपले की परत येतो. १९८८ मध्ये आलेल्या फ्लेक्सएलएम या प्रणालीने ही पद्धत रुळवली. पुढे फ्लेक्सनेट नावाने तीच प्रणाली अभियांत्रिकीतल्या अनेक सॉफ्टवेअरमागे उभी राहिली.

कंपनी ग्राहकाला एक परवाना-फाइल देते. कोणती सुविधा, किती जणांना, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या सर्व्हरवर, एवढे तिच्यात लिहिलेले असते. सर्व्हरची ओळख बहुधा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावरून पटते, म्हणून सर्व्हर बदलला की कंपनीकडून नवी फाइल घ्यावी लागते. फाइल साध्या मजकुरात उघडते, पण तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. वीसचे तीस केले की स्वाक्षरी जुळत नाही आणि ती ओळ बाद होते. हा सर्व्हर बंद पडला तर सगळे कार्यालय थांबते. त्यासाठी तीन सर्व्हरांची जोडणी करता येते. तिघांपैकी दोन चालू असले तरी परवाने मिळत राहतात.

खरे व्यवस्थापन यानंतर सुरू होते. ‘ऑप्शन्स’ फाइलमध्ये सिस्टिम अ‍ॅडमिन काही परवाने एखाद्या विभागासाठी राखून ठेवू शकतो, एका गटाला कमाल मर्यादा घालू शकतो आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी मुभा असेल तर उघडून ठेवून जेवायला गेलेल्याचा परवाना ठरावीक वेळाने काढून घेऊ शकतो. यांपैकी राखीव परवाने सर्वांत घातक. राखलेल्या विभागात त्या दिवशी कोणी आले नाही, तरी ते परवाने इतरांना मिळत नाहीत. लॅपटॉपवर ‘उसना’ नेलेला परवानाही मुदत संपेपर्यंत किंवा परत करेपर्यंत अडकून राहतो. परवाने कमी पडतात अशी तक्रार आली की खरेदीचा प्रस्ताव पाठवण्याआधी या दोन जागा तपासाव्यात.

त्यापुढचा आधार म्हणजे परवाना नाकारला गेल्याच्या लॉगमधल्या नोंदी. दिवसाची सरासरी इथे फसवी ठरते: सरासरी बारा असली तरी सकाळी अकरा वाजता वीसचे वीस संपलेले असू शकतात. नकारांचा नुसता आकडाही तितकाच फसवा, कारण एकच अभियंता पुन्हा पुन्हा प्रयत्न करून तो फुगवतो. किती वेगवेगळ्या माणसांना, किती मिनिटे थांबावे लागले, हेच पाहावे.

यंत्र मोजते म्हणजे कराराचे पालन होते, असे मात्र नाही. मायक्रोसॉफ्टची केएमएस यंत्रणा किमान २५ विंडोज संगणक जमल्याशिवाय त्यांना सक्रिय करत नाही आणि दिलेली सक्रियता १८० दिवस टिकते. पण वरची मर्यादा तिच्यात नाही. तीनशे परवाने घेतलेल्या संस्थेत चारशे संगणक ती बिनतक्रार सुरू करते. एसक्यूएल सर्व्हरचे परवाने २०१२ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजले जाऊ लागले, दर भौतिक प्रोसेसरमागे किमान चार. ओरॅकल तर व्हीएमवेअरने आखलेली विभागणी परवान्याची सीमा म्हणून मान्यच करत नाही, त्यामुळे छोट्या आभासी सर्व्हरसाठी त्याखालच्या अनेक यंत्रांचे कोअर मोजले जाण्याची वेळ येते.

मोजणी आणि करार यांतल्या अशा फरकाची किंमत किती मोठी असू शकते ते लंडनच्या उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसले. डिआजिओ या मद्यकंपनीचे ग्राहक आणि विक्री-प्रतिनिधी सेल्सफोर्स या क्लाउड-मंचावरच्या अ‍ॅपमधून काम करत. ती माहिती मागच्या बाजूने एसएपी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाई. एसएपीने हा अप्रत्यक्ष वापर धरून ५.४ कोटी पौंडांहून अधिक मागितले, आणि अशा वापरालाही परवाना लागतो हे न्यायालयाने मान्य केले. रक्कम त्या निकालात ठरली नाही. पुढच्याच वर्षी एसएपीने अप्रत्यक्ष वापरासाठी दस्तऐवजांच्या संख्येवर आधारलेली वेगळी आकारणी आणली.

मर्यादा ओलांडल्यावर काय व्हावे, हेही करार करतानाच ठरवून घ्यावे. काही सॉफ्टवेअर तिथल्या तिथे थांबते, काही इशारा देऊन चालू राहते आणि हिशेब वर्षाअखेरीस होतो. रुग्णालय किंवा उत्पादन-साखळी असेल तिथे ही दुसरी पद्धतच योग्य; परवान्याच्या आकड्यासाठी चालते काम बंद पडू देणे कोणालाच परवडत नाही.

नूतनीकरणाच्या चर्चेत ग्राहकाच्या हाती स्वतःची नोंद हवी, आणि ती टिकवण्याची सोय आधीच करावी लागते. फ्लेक्सनेटच्या ऑप्शन्स फाइलमध्ये लॉगच्या मार्गाआधी अधिक चिन्ह दिले नाही, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताच जुना लॉग पुसला जातो.