कंबरदुखीचे उपचार: पट्टा, वजन, करंट आणि व्यायाम

पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड मजुराला दिवसभर वाकून बुडख्याशी ऊस तोडावा लागतो, आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढावे लागते. अशा कष्टांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कंबरदुखी घरोघरी परिचित असून, ती बारा आठवड्यांहून अधिक टिकली की तिला दीर्घकालीन म्हटले जाते. तिच्याविषयीचा सर्वांत घट्ट गैरसमज 'मणक्यात गॅप पडली' या शब्दांत व्यक्त होतो. वास्तविक मणक्यांमधील चकतीची झीज ही बहुधा वयाची खूण असते: कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की ती विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांत आढळते. पायातील वाढती कमजोरी, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप किंवा अपघात यांपैकी काही असेल, तर मात्र तातडीने तपासणी हवी.

खाटेवर झोपवून कमरेला वजन लावणे, त्वचेवरून करंट देणे, अल्ट्रासाउंडचे यंत्र फिरवणे आणि पट्टा बांधणे म्हणजेच फिजिओथेरपी, ही समजूतही तितकीच रुजलेली आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शिकेत, विशिष्ट आजाराशी न जोडता येणाऱ्या दीर्घकालीन कंबरदुखीसाठी हे चारही उपाय नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे सुचवले आहे. मालिश आणि हाताने मणक्यांना हालचाल देणे यांना तिथे स्थान आहे, तथापि त्या वेळी होणारा 'कट्' आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो.

व्यायामाने मणका आणखी झिजेल, ही भीती सर्वांत नुकसानकारक आहे, कारण तिच्यापायी रुग्ण अंथरूण धरतो आणि स्नायू दुबळे होतात. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात, ज्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत व्यायामाने वेदना शंभरपैकी सुमारे १५ गुणांनी अधिक कमी झाल्याचे आढळले. हा लाभ मध्यम असला तरी खरा आहे. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची पद्धत, जिच्यात पायाकडे उतरणारी कळ ज्या हालचालीने कमरेकडे परतते तीच पुनःपुन्हा केली जाते, पोटाच्या व कण्यालगतच्या खोल स्नायूंना वळण लावणारे व्यायाम, पिलाटीस आणि योगासने यांच्यातील फरक मात्र लहान आहे. म्हणून रुग्ण नेमाने करू शकेल तो प्रकार निवडणे योग्य ठरते. याच जिल्ह्यातील लोणीला प्रवरेच्या वैद्यकीय संस्थेत फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे; पण हंगामात फडामागून फड फिरणाऱ्या मजुराला रोज दवाखाना गाठणे अशक्य असल्यामुळे, गाव सोडण्यापूर्वीच त्याला चार-पाच व्यायाम नीट शिकवणे आणि राहत्या कोपीपाशी करता येतील असे ते बेतणे अधिक उपयोगी आहे.