हस्ताक्षरातला बीथोवन

पियानो शिकू लागलेल्या मुलांच्या बोटांत ज्या थोड्या पाश्चात्त्य रचना प्रथम रुळतात, त्यांत बीथोवनच्या ‘फ्युर एलीझे’ या चिमुकल्या रचनेचा क्रम बराच वरचा आहे. ही एलीझे कोण, याचा शोध संगीताचे अभ्यासक आजही घेत आहेत. लुडविग नोल या संशोधकाने ती रचना १८६७ साली प्रथम छापली. ज्या हस्तलिखितावरून त्याने ती उतरवून घेतली, ते पुढे नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात माक्स उंगर याने अशी शंका काढली की, मूळ कागदावर ‘एलीझे’ हे नाव नव्हतेच. ते ‘तेरेझे’ असावे आणि बीथोवनच्या गिचमिड अक्षरामुळे नोलच्या वाचनात चूक झाली असावी. ही शंका सर्वमान्य झालेली नाही. परंतु ती कोणाला हास्यास्पदही वाटलेली नाही, यावरून त्या अक्षराची ख्याती ध्यानात यावी. ज्या माणसाने कागदावर कोणते नाव लिहिले हे तज्ज्ञांना खात्रीने सांगता येत नाही, त्याच्या मनात काय होते हे मात्र त्याच अक्षरावरून सांगण्याची हौस पुष्कळांना आहे.

अक्षरावरून स्वभाव ओळखण्याची कल्पना जुनी आहे. कामिल्लो बाल्दी या इटालियन विद्वानाने १६२२ साली या विषयावर पुस्तक लिहिले. एकोणिसाव्या शतकात झां-इप्पोलित मिशों या फ्रेंच धर्मगुरूने तिला ‘ग्राफॉलॉजी’ हे नाव आणि शास्त्राचा डौल दिला. पुढे जर्मनीत लुडविग क्लागेस याने तिला तत्त्वज्ञानाची जोड दिली. तिचे ठोकताळे आता सर्वपरिचित आहेत. उजवीकडे झुकलेले अक्षर भावनाशीलतेचे, वर चढत जाणारी ओळ आशावादाची, कागदावर दाबून काढलेली रेघ जोमाची खूण. रोमन लिपीतील ‘टी’ या अक्षराची आडवी रेघ जितकी उंच, तितकी महत्त्वाकांक्षा मोठी. (देवनागरीत तर प्रत्येक शब्दाच्या माथ्यावरच रेघ असते, तेव्हा मराठी माणसाच्या महत्त्वाकांक्षेला सीमाच नसावी!)

ही मोजपट्टी बीथोवनला लावली की उत्तर ठरलेलेच असते. जाड-बारीक रेघा, ओळींची वेडीवाकडी धाव, शाईचे डाग, खोडाखोड. निष्कर्ष असा की, हा माणूस वादळी, संशयी, हट्टी, प्रचंड इच्छाशक्तीचा आणि एकाकी. यात खोटे काहीच नाही. मात्र बीथोवनच्या चरित्राची दोन पाने वाचलेल्या कोणालाही हे ठाऊक असते आणि हस्ताक्षर पाहणाऱ्यालाही ते आधीच ठाऊक असते. कागदाखालचे नाव झाकून तोच कागद पुढे ठेवला, तर त्याच खुणा एखाद्या घाईत असलेल्या व्यापाऱ्याच्या, आजारी कारकुनाच्या किंवा निष्काळजी विद्यार्थ्याच्या ठरायला हरकत नाही.

शिवाय ते अक्षर ज्या साधनांनी आणि ज्या वळणाने उमटले, त्यांचाही विचार करावा लागतो. बीथोवन जर्मन मजकूर ‘कुरेंट’ या जुन्या धावत्या लिपीत लिहीत असे, तर इटालियन किंवा फ्रेंच शब्द रोमन वळणात. एकाच माणसाची ही दोन अक्षरे एकमेकांहून अगदी निराळी दिसतात. कुरेंटचे टोकदार, एकापुढे एक कललेले उभे फराटे हा त्या लिपीचा स्वभाव आहे, लिहिणाऱ्याचा नव्हे. मोडीतील जुनी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मोडी न येणाऱ्याला तिचा प्रत्येक लेखक उतावळाच वाटेल.

आणि लेखणी? बीथोवन हंसाच्या पिसाने लिहीत असे आणि ती पिसे तासण्याचे काम त्याने आपल्या एका मित्रावर सोपविले होते. निकोलाउस त्स्मेस्काल हा व्हिएन्नातील हंगेरियन कचेरीतला अधिकारी. हौसेने चेलो वाजवणारा, स्वभावाने शांत आणि सोशिक. ‘लेखण्या संपल्या, आणखी पाठव’ अशा आशयाच्या बीथोवनच्या कितीतरी चिठ्ठ्या त्याच्या नावे आहेत. म्हणजे ज्या जाड रेघेत विश्लेषकाला प्रतिभावंताचा प्रक्षोभ दिसतो, तिचा काही वाटा तरी एका इमानी सरकारी नोकराच्या चाकूकडे जातो! विश्लेषणाच्या कोष्टकात त्स्मेस्कालला कोठेच जागा नाही.

अक्षर मनाचा आरसा असते, तर बीथोवनच्या आयुष्यातील सर्वांत अंधारा कागद सर्वांत विस्कटलेला असायला हवा होता. तो कागद म्हणजे व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या गावी ६ आणि १० ऑक्टोबर १८०२ रोजी लिहिलेले, आपल्या भावांना उद्देशून असलेले पत्र. त्या वेळी तो एकतीस वर्षांचा होता. वाढत्या बहिरेपणाची कबुली, माणसांत मिसळता न येण्याची लाज, आयुष्य संपवून टाकण्याचा मनात आलेला विचार आणि कलेने त्यापासून आपल्याला परावृत्त केल्याचे निवेदन असा त्याचा आशय आहे. ते पत्र त्याने पाठवले नाही. १८२७ साली त्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या कागदपत्रांत सापडले आणि आता ते हॅम्बुर्गच्या ग्रंथालयात आहे. हे पत्र बीथोवनच्या मानाने चांगलेच नेटके आहे. खोडाखोड फार थोडी. आधी कच्चा मसुदा करून मग उतरवून काढल्यासारखे. त्यात विचार करायला लावणारी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे योहान या भावाचे नाव जेथे यायला हवे, तेथे त्याने दर वेळी कोरी जागा सोडली आहे. त्याचे कारण अभ्यासक अजून शोधत आहेत. न लिहिलेल्या अक्षराचे विश्लेषण ग्राफॉलॉजीला जमत नाही.

उलट खोडाखोड पाहायची असेल, तर ती त्याच्या स्वरलेखनाच्या कच्च्या वह्यांत पाहावी. एकच सुरावट पुनःपुन्हा मोडून जोडलेली, ओळीवर ओळ चढवलेली. ही हजारो पाने एका अस्वस्थ माणसाची म्हणून दाखवली जातात. वास्तविक ती एका अत्यंत पद्धतशीर कामगाराची पाने आहेत. ज्याला पसारा म्हणायचे, तो कामाचा पसारा आहे. सुताराच्या दुकानातील भुशावरून सुतार अव्यवस्थित आहे असे कोणी म्हणत नाही.

बीथोवनच्या पैशाविषयीच्या पत्रांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ती पत्रे तक्रारखोर, घासाघीस करणारी आणि संशयी आहेत. ‘मिसा सोलेम्निस’ ही एकच रचना त्याने एकाच वेळी अनेक प्रकाशकांना देऊ केली होती, हेही खरे. अक्षरातील आखडलेपणा आणि हा व्यवहार यांची सांगड घालून त्याला लोभी ठरवणे सोपे आहे. पण त्या काळच्या ऑस्ट्रियाचा हिशेब कोणी पाहावयाचा? १ मार्च १८०९ रोजी आर्चड्यूक रुडॉल्फ, लोब्कोविट्झ आणि किन्स्की या तिघा धनिकांनी बीथोवनला वर्षाला ४,००० गुल्डनचे वेतन देण्याचा करार केला. त्याने व्हिएन्ना सोडून कासेलच्या दरबारी जाऊ नये, एवढीच अट होती. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या खर्चासाठी नोटा बेसुमार छापल्या गेल्या आणि फेब्रुवारी १८११ मध्ये सरकारने त्यांची किंमत एकपंचमांशावर आणली. पुढच्या वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून मरण पावला. लोब्कोविट्झची मालमत्ता कर्जात बुडाली. हक्काच्या वेतनासाठी बीथोवनला वकिलांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि १८१५ साली कोठे तडजोड झाली. ठरावीक पगारावर संसार करणाऱ्या आणि महागाईत त्या पगाराचे काय होते ते भोगलेल्या कोणत्याही माणसाला त्या पत्रांतील चिडचिड समजेल. तिचे मूळ अक्षराच्या वळणात नाही, चलनाच्या घसरणीत आहे.

मग हे विश्लेषण पटते का? त्याचे उत्तर मानसशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन अध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सर्वांना दिलेला कागद एकच होता. हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८९ साली नेटर आणि बेन-शखार या इस्रायली संशोधकांनी हस्ताक्षरावरून कामातील यश सांगता येते का, याविषयीच्या १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ग्राफॉलॉजीचे जाणकार इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. उलट ती मुळीच न शिकलेल्या मानसशास्त्रज्ञांचे अंदाज किंचित बरे निघाले. उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर समोर असला की थोडेफार जुळे; मजकूर तटस्थ असला की जुळणी संपे. म्हणजे जे काही कळत होते ते अक्षराच्या वळणावरून नव्हे, लिहिलेल्या शब्दांवरून. हायलिगेनश्टाटच्या पत्राबाबतही याहून वेगळे काय घडते?

बीथोवनच्या बाबतीत निदान चुकले तर कोणाचेच बिघडत नाही. त्याच्या सिंफनी आहेत, पत्रे आहेत, दोनशे वर्षांचे संशोधन आहे. ते विश्लेषकाला दुरुस्त करते. परंतु हीच विद्या फ्रान्समध्ये दीर्घकाळ नोकरभरतीत वापरली गेली आणि आपल्याकडेही सही पाहून स्वभाव सांगणारे व सही बदलून नशीब पालटणारे वर्ग शहरोशहरी चालतात. मालकाला अनोळखी उमेदवाराविषयी माहिती हवी असते. सहा महिने काम देऊन पाहणे महाग पडते, अर्जावरचे चार शब्द एखाद्या तज्ज्ञाला दाखवणे स्वस्त. स्वस्त माहितीला गिऱ्हाईक मिळणारच. मात्र तिची किंमत चुकवतो तो उमेदवार. त्याला ‘तुमच्या अक्षरात चिकाटी दिसली नाही’ असे कोणी सांगत नाही. केवळ नकार येतो. त्याच्यामागे चरित्रकार नसतात आणि न सांगितलेल्या दोषाविरुद्ध अपीलही करता येत नाही. जे विश्लेषक बीथोवनचा दाखला भिंतीवर लावतात, ते या उमेदवाराचा दाखला लावत नाहीत.

याचा अर्थ जुने अक्षर काहीच सांगत नाही, असा मुळीच नाही. ते कोणाचे आहे आणि केव्हाचे आहे, हे सांगता येते आणि ते तपासूनही पाहता येते. बहिरा झाल्यावर बीथोवन वह्या बाळगत असे. भेटायला येणारे त्यात लिहीत आणि तो बहुधा तोंडाने उत्तर देई. त्या वह्या त्याचा सहायक आंतोन शिंडलर याच्या हाती गेल्या. बीथोवनशी आपला फार जुना स्नेह होता असे भासवण्यासाठी त्याने बीथोवनच्या मृत्यूनंतर त्यांत आपले खोटे संवाद घुसडले. १९७७ साली बर्लिनच्या संशोधकांनी ही लबाडी उघडकीस आणली, तेव्हा एका शतकाच्या चरित्रलेखनाला हादरा बसला. शिंडलरचा स्वभाव त्याच्या वेलांट्यांवरून कोणी ओळखला नाही; कोणती नोंद मागाहून केलेली आहे, एवढेच त्यांनी धीराने पाहिले.

बीथोवनची अखेरची अक्षरे २३ मार्च १८२७ची आहेत. यकृताच्या विकाराने पोटात पाणी झाले होते, चार वेळा ते काढावे लागले होते. तीन दिवसांनी तो गेला. मृत्युपत्राला जोडलेल्या त्या दोन-तीन ओळींत पुतण्या कार्ल हा एकमेव वारस, असे लिहिले आहे. मागे राहिलेल्या धनात ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेचे सात शेअर होते. अडचणीच्या काळातही ते त्याने पुतण्यासाठी म्हणून विकले नव्हते. खालची सही कापऱ्या हाताची असून तिच्यात त्याने स्वतःच्या नावातले एक अक्षर गाळले आहे.